मातीत शिकवलेल्या मुली

आमच्या शाळेच्या कबड्डी संघात नाव दिलेल्या प्रत्येक नव्या मुलीला जूनमध्ये एक घमेलं माती आणावी लागते. आपल्या घरची, जमलं तर आपल्या शेतातली. ती मैदानावर ओतायची, हाताने पसरायची, जुन्या मुलींनी तिच्यावरून एकदा अनवाणी चालायचं, की ती नवी मुलगी संघातली झाली. नारळ आणि भाषणं मुळात नव्हती, ती नंतर चिकटली.

हे सुरू केलं शाळेच्या पहिल्या व्यायाम शिक्षकांनी. देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांतच अंबरनाथला आमची शाळा उभी राहिली, तेव्हा मैदान म्हणजे नुसता मुरूम होता. पडलं की गुडघा सोलून निघायचा. सरांनी पोरांना सांगितलं, उद्या येताना घरून एकेक घमेलं माती आणा. पोरं बहुतेक आसपासच्या गावांतली, आगरी कुटुंबांतली, घरी शेत असलेली. त्यांनी आणली. गरजेपोटी केलेली साधी गोष्ट होती. पुढे मैदान चांगलं तयार झालं तरी माती येतच राहिली, आणि कधीतरी लोक तिला परंपरा म्हणायला लागले.

मी आठवीत संघात गेले तेव्हा मुलींचा संघ नवीनच होता. आमच्याकडे शेत नव्हतं. वडील कारखान्यात कामाला, राहायला चाळीत दोन खोल्या. आम्ही बौद्ध, आजोबांच्या नावावरही कधी गुंठाभर जमीन नव्हती. मी आईचं घमेलं घेतलं, शिवमंदिरामागे ओढ्याच्या काठाला गेले आणि तिथली गाळाची माती भरून शाळेत नेली. मुलांच्या संघाचा कप्तान तेव्हा दहावीत होता आणि माती टाकायच्या दिवशी दोन्ही संघांचा कारभार तोच बघायचा. त्याने माझ्या घमेल्यातलं एक ढेकूळ उचललं आणि बोटांत चुरडलं.

"कुठली?" त्याने विचारलं.

"आमच्या शेतातली."

"कुठे आलं तुमचं शेत?"

मी पूर्वेच्या डोंगराकडे हात केला. तो हाताची माती झटकत म्हणाला, "ओत."

मी ओतली. त्यानंतर तीन वर्षं त्या मैदानावर खेळले, मग कॉलेजकडून खेळले, मग व्यायाम शिक्षिका होऊन त्याच शाळेत नोकरीला लागले. खोटं बोलून आत शिरलेलं माणूस घराचे नियम जरा जास्तच पाळतं, तसं माझं झालं. दर मे महिन्यात मी स्वतः उभी राहून मैदान खणून घ्यायची, माती चाळून घ्यायची, पाणी मारून रोलर फिरवून घ्यायची. मैदानावर चप्पल घालून कोणी पाय टाकला तर माझा आवाज ऑफिसपर्यंत जायचा. माझ्या मुली अनवाणीच खेळल्या. माजी विद्यार्थी यायचे, वाकून मातीला हात लावून कपाळाला लावायचे आणि मला म्हणायचे, "बाई, तुम्ही टिकवलंत." मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

मग जिल्ह्याच्या स्पर्धा मैदानावरून हॉलमध्ये गेल्या आणि मातीच्या जागी मॅट आली.

ज्याने कबड्डी खेळलेली नाही त्याला यात काय एवढं असं वाटेल. माती पाय घसरू देते. चढाईला गेलेली मुलगी चकवा देऊन वळते तेव्हा तिचा पाय मातीत थोडा सरकतो आणि शरीराबरोबर वळतो. मॅटवर बूट घालावेच लागतात, आणि बूट मॅटला धरून राहतो. शरीर वळतं, पाय तिथेच. म्हणून मॅटवर पावलं वेगळी टाकावी लागतात, गुडघा वेगळा वाकवावा लागतो, पडायचंसुद्धा वेगळं शिकावं लागतं. हे मला पहिल्या वर्षी कळलं होतं. आमच्या मुली पहिल्याच फेरीत बाहेर गेल्या. दुसऱ्या वर्षी पण गेल्या. मी म्हणत राहिले की मातीवर पाय तयार झाले की कुठेही खेळता येतं. पालकांना सांगितलं, मुख्याध्यापिकांना सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितलं की मलाही ते पटायला लागलं. पहिल्या फेरीत हरून येणं ही आमची दुसरी परंपरा झाली. तिला मात्र कोणी नारळ फोडला नाही.

तीन वर्षांपूर्वी खरवईची एक मुलगी आठवीत संघात आली. तिच्या घरच्यांचं भाताचं शेत होतं, ते आता टॉवरखाली गेलंय. टॉवरांच्या मधोमध त्यांचं जुनं घर तेवढं राहिलंय. बाकीच्या नव्या मुलींनी नर्सरीतून पिशवीबंद माती आणली होती, एकीच्या पिशवीत तर नारळाचा भुसाच निघाला. ही बापाच्या टेम्पोतून दोन घमेली घेऊन उतरली. परसातल्या आंब्याच्या बुडाची माती, म्हणाली. "बाई, एक घमेलं माझं आणि एक पुढच्या वर्षी कुणाकडे नसली तर तिच्यासाठी."

ती चढाईला जायची तेव्हा मी शिट्टी वाजवायची विसरायची. दिसायला किडकिडीत, पण समोरच्या सातजणींना तिचा पाय कुठे पडणार हे कळायचं नाही. बोनसची रेषा ओलांडून ती डावीकडे वळायची, नेहमी डावीकडेच, आणि इतकी पटकन वळायची की माहीत असूनही कोणाला पकडता यायचं नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत अशी मुलगी मला एकदाच मिळाली. तिच्यासाठी मी मॅट मागायला गेले.

माजी विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष म्हणजे तोच, माझ्या वेळचा कप्तान. आनंदनगर एमआयडीसीत त्याचा सुट्या भागांचा कारखाना आहे. माणूस वाईट नाही. शाळेत पाण्याची टाकी त्याने बसवली, संघाला दरवर्षी जर्सी तोच देतो. मंडळाची बैठक रविवारी सकाळी शाळेच्या ग्रंथालयात होती. समोसे आले, जुने फोटो फिरले, मग मी विषय काढला.

"दादा, यंदा जर्सी नको. मॅट द्या."

"मॅट कशाला? एवढं सोन्यासारखं मैदान आहे."

"स्पर्धा मॅटवर होतात."

"होऊ देत. आपली ओळखच माती आहे. मॅट काय, कोणत्याही शाळेत असते."

"त्या शाळा जिंकतात, दादा. आपण पहिल्या फेरीत घरी येतो."

बँकेतून निवृत्त झालेले एक सभासद समोसा खाली ठेवून म्हणाले, "आम्ही याच मातीवर खेळून जिल्हा जिंकला, बाई."

"तेव्हा जिल्हासुद्धा मातीवरच खेळायचा, सर."

मग अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू तरी असं बोलू नकोस गं. तुझ्या घरची माती आहे त्या मैदानात."

मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "माझ्या घरची नाही. आमचं शेत नव्हतंच. ती ओढ्याच्या काठची माती होती. तुम्ही ढेकूळ फोडून विचारलंत कुठली, म्हणून मी घाबरून खोटं बोलले."

"मी असं विचारलं होतं?"

"हो. कुठे आलं तुमचं शेत, असंही विचारलं होतं."

त्याने खरोखर आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून तो छताकडे बघत होता. मग हसला आणि म्हणाला, "नाही बुवा आठवत. आणि ओढ्याची तर ओढ्याची, काय बिघडलं?" सगळे हसले. कोणीतरी माझ्यापुढे समोशाची ताटली सरकवली. आठवीपासून जे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते एका मिनिटात गंमत होऊन संपलं. काय बिघडलं हे मला त्या क्षणी सांगता आलं नाही. घरी येऊन भांडी घासताना सुचलं, पण तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

त्या बैठकीत ठराव झाला तो कमानीचा. शाळेच्या फाटकावर कमान, तिच्यावर चढाई करणाऱ्या खेळाडूचा सिमेंटचा पुतळा. खेळाडू अर्थातच मुलगा, आणि अनवाणी.

जिल्हा संघाच्या निवडीसाठी मुलींची चाचणी उल्हासनगरला एका हॉलमध्ये होती. खरवईची मुलगी तेव्हा नववीत. बूट तिने मावसबहिणीचे आणले होते, थोडे मोठे, पुढे कापूस कोंबलेला. आठवडाभर ती ते बूट घालून आमच्या मैदानावर पळाली, पण मातीवर बूट घालून मॅटचा सराव होत नाही, नुसते बूट खराब होतात. चाचणीच्या सकाळी तिने मॅटवर पाऊल टाकलं, दोनदा जागच्या जागी उडी मारून बघितली आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरून हाताने खूण केली, खेळ.

पहिल्या चढाईत ती एक गडी बाद करून आली. दुसऱ्या चढाईत बोनस घेतला आणि नेहमीसारखी डावीकडे वळली. बूट मॅटला धरून राहिला. मला आवाज ऐकू आला असं मी म्हणणार नाही, इतक्या लांबून काही ऐकू येत नाही. ती एक गुडघा धरून खाली बसलेली दिसली आणि समोरच्या मुली तिला पकडायच्या ऐवजी बाजूला झाल्या, एवढं दिसलं.

निवड समितीत एक जुन्या खेळाडू होत्या. त्या स्वतः बर्फाची पिशवी घेऊन आल्या, तिचा पाय मांडीवर घेऊन तपासला आणि मला म्हणाल्या, "मॅडम, पोरीत खेळ आहे. पण वर्षभर मॅटवर न खेळवता इथे कशी आणलीत?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

रिक्षाने परत येताना मुलगी पाय लांब करून आडवी बसली होती. रडली नाही. अंबरनाथच्या हद्दीत शिरलो तेव्हा तिने विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत होतं ना मॅटवर असं होतं ते?"

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."

"मग?"

"मला वाटलं तू निभावशील."

मी तिला शाळेपाशी न उतरवता तशीच खरवईला घेऊन गेले. बाप अंगणात टेम्पो धूत होता. त्याने पाइप बंद केला, मुलीला उचलून ओट्यावर बसवलं आणि मला पाणी द्यायला बायकोला हाक मारली. मी काय झालं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमी काय मुद्दाम केलाव का, बाई? व्हतं खेलताना." तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती सांगितली. ते दोन महिने मी गप्प बसले नाही. उल्हासनगरला फोम आणि जिमचं सामान विकणारा एक सिंधी दुकानदार आहे, माझ्या एका विद्यार्थिनीचा घरमालक. त्याच्याकडे बंद पडलेल्या कराटे क्लासच्या जुन्या मॅट पडल्या होत्या.

"मॅडम, कबड्डीवाला नहीं है," त्याने आधीच सांगितलं. "थोडा पतला है. बारिश से बचाना. चलेगा?"

"चालवावं लागेल," मी म्हटलं. त्याला मराठी चांगलं कळत होतं. त्याने मॅट स्वतः झाडून दिल्या आणि टेम्पोत चढवायला हात लावला.

मुख्याध्यापिकांनी सभागृह द्यायला नकार दिला, कारण तिथे सराव परीक्षा होती आणि त्यानंतर स्नेहसंमेलनाची तयारी. शेवटी तळमजल्यावरचा नववीचा वर्ग मिळाला, तोही शाळा भरायच्या आधी. रोज सकाळी साडेसहाला मुली बाकं बाहेर काढायच्या, मॅट जोडायच्या, तासभर अर्ध्या मैदानाएवढ्या जागेत खेळायच्या आणि घंटेच्या आधी बाकं परत लावायच्या. भिंतीवर आपटून एकीचं कोपर सुजलं. नववीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, बाकांच्या पायांनी फरशी खराब होते. शिपायाने तक्रार केली की त्याला लवकर यावं लागतं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, मातीतल्या खेळाला प्लास्टिक. त्यावर हात जोडलेले आणि रडके चेहरे आले. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

खरवईची मुलगी बरी होऊन आली आणि त्या तुकड्यातुकड्यांच्या मॅटवर नव्याने पावलं टाकायला शिकली. मला मॅटवरचं शिकवता येत नव्हतं. ती मोबाइलवर सामने बघायची आणि बाकीच्यांना दाखवायची, आणि मी शिट्टी घेऊन बाजूला उभी. पावसाळ्यात त्या वर्गाची भिंत ओलावली, मॅटना खालून बुरशी आली, चारपाच तुकडे फेकावे लागले. त्याच सुमारास कमान पूर्ण झाली. उद्घाटनाला मला सत्कारासाठी स्टेजवर बोलावलं. मी गेले आणि शाल घेतली. नाही म्हणायला हवं होतं, पण म्हटलं नाही.

महिन्याभराने खरवईच्या मुलीचे वडील शाळेत आले. हातात दाखल्याचा अर्ज. बदलापूरची एक शाळा तिला दहावीसाठी घ्यायला तयार होती. त्यांच्याकडे पूर्ण मॅट, वेगळे प्रशिक्षक, सगळं. प्रवेशाला उशीर झाला होता, पण ती शाळा सांभाळून घेणार होती. वडील व्हरांड्यात उभे राहूनच बोलले. "बाई, तुमी नको बोललाव तर नाय नेणार. पोरीनंच सांगितलंय, आधी बाईंना इचार."

मला तिला सोडायचं नव्हतं. तिला अडवायचा मला काही हक्कही नव्हता. या दोन्हींतलं एकही न बोलता मी म्हटलं, "अर्जावर शाळेचा शिक्का लागेल. ऑफिसात बारानंतर मिळतो." ते थोडा वेळ थांबले. मी आणखी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मग ते ऑफिसकडे गेले.

तालुक्याच्या स्पर्धेत आमचा पहिला सामना तिच्याच नव्या शाळेशी लागला. ती मैदानात यायच्या आधी आमच्या बाकड्याकडे आली, मला वाकून नमस्कार केला, आमच्या मुलींना मिठ्या मारल्या आणि परत गेली. तिच्या पायात तिच्या मापाचे बूट होते.

सामना सुरू झाला आणि तिने आमच्या चौघींना भराभर बाद केलं. मी बघत होते. कोपऱ्यातली आमची मुलगी, आठवीतली, पकडीला चांगली आहे, ती माझ्याकडे वळून वळून बघत होती, काय करू म्हणून. मी टाइमआउट घेतला. तिला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "बोनसची रेषा ओलांडली की ती डावीकडे वळते. नेहमी. ती पाय उचलायच्या आधी तू निघ."

पुढच्या चढाईला ती आली, बोनसची रेषा ओलांडली, डावीकडे वळली, आणि आमच्या मुलीने तिचा घोटा धरला तो सोडला नाही. बाकीच्या धावून वर पडल्या. पंचांनी हात वर केला. आमचं बाकडं उठून नाचलं. ती मॅटवरून उठताना माझ्याकडे बघून हसली, म्हणजे तिला कळलं होतं कोणी सांगितलं ते. मला अभिमान वाटला, लाज वाटली, आणि दोन्ही एकदम वाटल्याचा राग आला.

ती पकड सोडली तर आमच्याकडे काही नव्हतं. ती परत आत आल्यावर उजवीकडूनही वळायला लागली. आम्ही मोठ्या फरकाने हरलो, पहिल्या फेरीत, ठरल्याप्रमाणे.

परत येताना टमटममध्ये दाटीवाटीने बसलो होतो. अध्यक्षाचा फोन आला. निकाल त्याला आधीच कळला होता. तो म्हणाला, "अगं, ती त्यांची चढाईवाली पोरगी आपल्याकडचीच ना? फोटो असेल तर ग्रुपवर टाक. खाली लिही, आपल्या मातीतली."

"ती आता त्या शाळेची आहे, दादा."

"असेल. पण घडली तर इथेच."

मी म्हटलं आवाज येत नाही आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

ज्या मुलीने पकड केली होती ती माझ्या शेजारी बसली होती. तिच्या तळहातावर मॅटने सालटं निघालं होतं, त्यावर ती फुंकर मारत होती. बाकीच्या मुली त्या एका पकडीबद्दलच बोलत होत्या, पुन्हा पुन्हा, जणू सामना तेवढाच झाला. शाळा जवळ आली तशी ती माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली, "बाई, माझं पण होईल का तिकडे?"

आठवीत तिच्याएवढी पकड करणारी दुसरी कोणी माझ्याकडे नाही. ती गेली तर सात मुली उभ्या करायलासुद्धा मला वर्गावर्गात फिरावं लागेल.

"आधी घरी विचार," मी म्हटलं. "ते हो म्हणाले तर मला सांग. तिथल्या सरांचा नंबर आहे माझ्याकडे."